हॉकी हॉल ऑफ फेम, टोरोंटो: एका डिफेन्सवाल्याच्या नजरेतून

हॉकी हॉल ऑफ फेम म्हणजे बर्फावरच्या हॉकीचं म्युझियम, आणि थोर खेळाडूंना मान देऊन जिथे आत घेतात ती जागाही. आधी वाट सांगतो, कारण तिथेच बरेच जण गोंधळतात. यंग आणि फ्रंट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बँकेची जी जुनी, नक्षीदार इमारत सगळ्या फोटोंत दिसते, तिच्या दारातून आत जाता येत नाही. युनियन स्टेशनवर उतरा, ब्रुकफिल्ड प्लेसमध्ये शिरा आणि खालच्या मजल्यावर जा. तिकीट खिडकी तिथे आहे. बँकेची इमारत १८८५ची, बँक ऑफ मॉन्ट्रियलची. म्युझियम १९९३पासून इथे आहे, आणि तो जुना हॉल शेवटी बघायला ठेवा.

माझी नजर एकतर्फी आहे हेही आधीच सांगून टाकतो. मी इथल्या हौशी लीगमध्ये डिफेन्स खेळतो. रात्री उशिरा, जेव्हा बाकी कोणाला बर्फ नको असतो तेव्हा आम्हाला मिळतो. त्यामुळे गोलांच्या विक्रमांपाशी मी फार रेंगाळत नाही. गोलकीपरांचे मास्क मात्र जरूर बघा.

मुलं बरोबर असतील तर ती शूटिंग आणि गोलकीपिंगच्या खेळांपासून हलणार नाहीत, हे गृहीत धरा. तिथे तुम्ही गोल मारता किंवा अडवता. आमचं काम या दोन्हींच्या मधलं, आणि त्याचं यंत्र करणं कठीणच आहे. समोरून फॉरवर्ड पूर्ण वेगात येतो, आपण उलटे सरकत असतो. नजर पकवर, म्हणजे त्या रबराच्या चकतीवर, ठेवली की संपलं. ती त्याच्या छातीवर ठेवायची, कारण हातांनी तो फसवेल, धडाने नाही. दोघांतलं अंतर काठीच्या लांबीपेक्षा वाढू द्यायचं नाही. हळूहळू त्याला कडेच्या बोर्डाकडे ढकलत न्यायचं, म्हणजे शॉट मारला तरी वाईट कोनातून. सगळं जमलं तर काय होतं? काहीच होत नाही. पक कोपऱ्यात जातो, प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला उठतात.

हे काचेच्या कपाटात कसं मांडणार? म्हणून ज्या डिफेन्समननी गोलही केले, त्यांचं मांडणं सोपं जातं. बॉबी ऑर म्हटलं की सगळ्यांना १० मे १९७०चा तो हवेत आडवा झालेला फोटो आठवतो. ओव्हरटाइममधला गोल, बोस्टनला स्टॅनले कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगचं विजेतेपद. फोटो सुरेखच आहे, वाद नाही. मला त्याहून भारी वाटतात ते त्याचे आकडे: १९७०-७१मध्ये १३९ पॉइंट (गोल आणि गोलासाठी दिलेले पास मिळून) आणि प्लस-मायनसमध्ये अधिक १२४. ऑर बर्फावर असताना, पेनल्टीमुळे समोर खेळाडू कमी असताना झालेले गोल सोडून, त्याच्या संघाचे गोल विरुद्ध संघापेक्षा १२४नी जास्त झाले. हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. उत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याने १९६८ ते १९७५, सलग आठ वेळा घेतली. आणि मग गुडघा. ऑपरेशनमागून ऑपरेशन झालं. शिकागोकडून जेमतेम २६ मॅचेस खेळून तिशीतच तो थांबला. एरवी निवृत्तीनंतर तीन वर्षं थांबावं लागतं. त्याच्यासाठी ही अट बाजूला ठेवून १९७९मध्ये, एकतिसाव्या वर्षीच त्याला आत घेतलं. त्याचा एजंट अॅलन ईगलसन यालाही पुढे इथे मान मिळाला होता. फसवणुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर १९९८मध्ये त्याला तो सोडावा लागला. इथे शोधू नका, सापडणार नाही.

डिफेन्समन निकलास लिडस्ट्रॉमची जातच वेगळी. डेट्रॉइटकडून २० सीझन, १५६४ मॅचेस, आणि इतक्या वर्षांत पेनल्टीची मिनिटं फक्त ५१४. म्हणजे तीन मॅचेसमागे एक साधी, दोन मिनिटांची पेनल्टीसुद्धा नाही. ज्याला धक्काबुक्की करावी लागत नाही, तो आधीच योग्य जागी उभा असतो. सातवी नॉरिस त्याने ४१व्या वर्षी घेतली. आमच्या लीगमध्ये त्या वयात लोक गुडघ्याला पट्टा बांधून बाकावर धापा टाकत असतात.

आता खरी जागा: बँकेची जुनी तिजोरी. स्टॅनले कप बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये, रंगीत काचेच्या घुमटाखाली असतो, आणि गर्दी तिथेच थबकते. तिजोरीत कपाचा १८९२चा मूळ वाडगा आहे आणि कपावरून उतरवलेल्या, विजेत्या खेळाडूंची नावं कोरलेल्या जुन्या पट्ट्या आहेत. एका पट्टीवर १३ विजेते मावतात. कप भरला की सर्वांत जुनी पट्टी काढून इथे लावतात. बिल बारिल्कोचं नाव इथे आहे. १९५१मध्ये या डिफेन्समनने ओव्हरटाइममध्ये गोल करून टोरोंटो लीफ्सला कप मिळवून दिला, त्याच ऑगस्टमध्ये मासेमारीहून परतताना त्याचं विमान बेपत्ता झालं, आणि अवशेष सापडले १९६२मध्ये, लीफ्सने पुन्हा कप जिंकल्यानंतर काही आठवड्यांनी. डिफेन्समन डग हार्वीने जिंकलेल्या सहाच्या सहा कपांच्या ओळी आता या तिजोरीत आहेत. टिम हॉर्टनच्या तीन ओळी इथे, चौथी १९६७ची बाहेरच्या कपावर. होय, कॉफीच्या दुकानांवर ज्याचं नाव आहे तोच. डिफेन्समन होता, आणि पहिलं दुकान १९६४मध्ये हॅमिल्टनला निघालं तेव्हा खेळतही होता. १९६७ हा लीफ्सचा शेवटचा कप, त्यामुळे टोरोंटोकरांसमोर हा विषय न काढलेला बरा.

बाहेर आल्यावर कपाला हात लावता येतो. १९७२ची ओळ शोधा: बोस्टनच्या स्पेलिंगमध्ये दोन्ही ‘ओ’च्या जागी ‘क्यू’ कोरलाय. ऑरचा दुसरा कप तो! २००१च्या कोलोरॅडोमध्ये डिफेन्समन रे बोर्कचं नाव सापडेल. बोस्टनमध्ये वीसहून अधिक वर्षं काढून शेवटच्या सीझनला त्याने कप उचलला. कर्णधार जो सॅकिकने तो स्वतः न उंचावता आधी त्याच्या हातात दिला होता.

उन्हाळ्यात कप विजेत्या खेळाडूंच्या घरोघरी फिरत असतो, तेव्हा हॉलमध्ये प्रतिकृती असू शकते. खऱ्या कपासाठीच जाणार असाल तर आधी चौकशी करा. पाचपैकी चार तारे. सवडीने बघायचं तर अर्धा दिवस धरा, आणि वाचायचा चष्मा लागत असेल तर घेऊन जा. पट्ट्यांवरची अक्षरं फार बारीक आहेत.