सोलरसोबत ‘प्रीपेड मीटर’ विकणाऱ्यांपासून सावध राहा, आमचे १,३१,५०० रुपये गेले

कोपरखैरणेत आमचं सिडकोचं रो-हाऊस आहे, गच्ची स्वतःची. उन्हाळ्यात दोन एसी चालतात, बिल पाच हजारांच्या पुढे जातं. त्यामुळे २०२५ च्या मार्चमध्ये सेक्टरातल्या गार्डनबाहेर छत्री-टेबल टाकून बसलेल्या सोलरवाल्या मुलाकडे मी स्वतःहून गेले. तो गळ्यात पडला नव्हता, हे आधीच सांगते. लोक विचारतात, ‘ताई, तुम्ही शिकलेल्या असून कशा फसलात?’ त्याच्याकडे छापील कोटेशन होतं, जीएसटी नंबर होता, पंतप्रधान सूर्यघर योजनेचं पत्रक होतं. योजना खरी आहे. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान, हाही आकडा खरा आहे. खोटं त्याच्या पुढे सुरू झालं.

तीन किलोवॅटचे १,९५,०००. ‘त्यातून सबसिडीचे ७८,००० आम्ही आधीच वजा करतो ताई, तुम्ही फक्त १,१७,००० द्या.’ मला तो भला माणूस वाटला. अनुदान कुठल्याही विक्रेत्याला मिळत नाही. पॅनल बसून, तपासणी होऊन, सोलरसाठीचा नेट मीटर लागल्यावर ते ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. जो आधी वजा करून दाखवतो, त्याला तिथूनच वाटेला लावा.

बुकिंगचे २१,००० दिले. एप्रिलमध्ये लोखंडी स्ट्रक्चर आलं, गच्चीत भोकं पाडून ठोकलं. ‘माल गोडाऊनला आलाय’ म्हणून ९०,००० घेतले. मग म्हणाला, सोलरला आता प्रीपेड मीटर सक्तीचा आहे, त्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. मीटरचे १२,५००, पहिल्या रिचार्जचे ५,०००. दोन्ही रकमा यूपीआयने, एका बाईच्या नावाच्या खात्यात. विचारलं तर म्हणे अकाउंट्सच्या मॅडम आहेत.

आता जे लिहितेय ते आठवलं की अजून झोप लागत नाही. मीटर लावायला पोरगा आला तेव्हा मी जिन्यात त्याच्या शेजारी उभी होते. आमच्या जुन्या मीटरला त्याने हातच लावला नाही. सील जसंच्या तसं, लाल दिवा लुकलुकतोय. मेन स्विचच्या पुढे त्याने एक पांढरा डबा बसवला, छोट्या स्क्रीनवर ५००० आकडा आला. मी विचारलंसुद्धा, ‘अरे, जुना मीटर काढायचा नाही का?’ ‘तो साहेब लोक नंतर नेतील, मावशी.’ मी गप्प बसले, त्याला चहा दिला. मीटर बदलायला वीज कंपनीचा माणूस यावा लागतो, जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग लिहून कागद द्यावा लागतो, एवढं मला कळत होतं. शिवाय साध्या घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, हे सरकारने जून २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. ती बातमी मी वाचली होती! पण वर्षभर स्मार्ट मीटरवरून इतका गोंधळ चालला होता की सोलरला वेगळा नियम असेल असं वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

मे महिन्यात एका रात्री अकराला घरातली वीज गेली. शेजारी दिवे लख्ख. डब्यावर शून्य. सासूबाई घामाघूम झाल्या होत्या, मिस्टरांनी घाईत त्याच क्रमांकावर आणखी ३,००० टाकले. आणि आठवड्याने वीज कंपनीचं बिल आलं, नेहमीसारखं, पूर्ण. एकाच विजेचे आम्ही दोनदा पैसे भरत होतो. ओळखीच्या वायरमनने डबा उघडून दाखवला. घरमालक भाडेकरूंच्या खोल्यांना लावतात तो खाजगी सबमीटर! सोलरला लागतो तो नेट मीटर. घेतलेली आणि परत दिलेली अशी दोन्ही वीज तो मोजतो, आणि तो वीज कंपनीच लावते.

पॅनल एकही आलं नाही. सहा यायचे होते.

वीज कार्यालयात गेले तर ‘हा मीटर आमचा नाही, तक्रार घेता येणार नाही.’ अहो, आमचा नाही हेच लेखी द्या! तेही नाही. साहेब साइटवर, मग जेवणाची सुट्टी, मग ‘सोमवारी या’. चार चकरा. शेवटी ग्राहक क्रमांक टाकून पाहिलं, तर सोलरचा अर्जच नोंदलेला नव्हता. मला व्हॉट्सॲपवर पाठवलेली पावती बनावट होती. अर्ज स्वतःच्या मोबाईलवरून, स्वतः लॉगिन करून भरा.

चौकीत तर कहर. ‘लोखंड दिलंय ना त्याने? मग ही दिवाणी बाब झाली, कोर्टात जा.’ कोरा डबा बारा हजारांना सरकारी मीटर म्हणून विकणं दिवाणी कसं? फसवणुकीचं आधीचं कलम ४२०, आताचं ३१८, हे मी, एका शाळेतल्या क्लार्कने, त्यांना सांगायचं? तीन तास बाकावर बसवून साधा अर्ज घेतला आणि वर ऐकवलं, ‘स्वस्तात मिळतंय म्हणून जाता तुम्ही लोक.’ त्या वाक्याने पैशांपेक्षा जास्त लागलं. घरी येऊन रडले.

यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी सात आठवडे उशीर केला. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, त्याचा रद्द झालेला निघाला. विक्रेत्याचं नाव योजनेच्या यादीत आहे का तेही बघा. ‘लाईट गेली तरी सोलर चालू राहील’ म्हणाला तर बॅटरी कुठे आहे विचारा. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडलेली साधी सिस्टीम वीज गेल्यावर बंदच होते. मी ग्राहक आयोगात तक्रार टाकतेय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

जूनपासून त्या भोकांतून बेडरूमच्या छताला ओल आली आहे. डबा मी तसाच ठेवलाय, फक्त वायर काढून घेतली. तुमच्याकडे असाच पांढरा डबा लागला असेल तर आज जिन्यात जाऊन जुन्या मीटरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर चौकीत जा आणि एकट्या जाऊ नका, मला निरोप द्या, मी सोबत येते.