लॅमिंग्टन रोडवर घेतलेला ‘२०० किलोहर्ट्झ’चा डबा

भांडुपला माझा छोटा गाळा आहे. दोन फूट बाय तीन फुटांच्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन) मी नेमप्लेट, देव्हाऱ्याच्या जाळ्या आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने एमडीएफची मखरं कापतो. २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून मखरांचं काम वाढलंय आणि वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा त्याच दिवसांत येतो. त्याच दिवसांत, २०२५च्या जुलैत, एका दुकानदाराने मला १४,५०० रुपयांना फसवलं. ग्रँट रोडला उतरून मशीनच्या मोटरी चालवणारं असलंच कंट्रोलर कार्ड घ्यायला निघालेली आणखी माणसं असणार, त्यांच्यासाठी हे आकड्यांसकट लिहितोय.

माझं मशीन आठ वर्षं एका जुन्या पीसीवर चाललं. पंचवीस पिनांचा प्रिंटर पोर्ट, पोर्टच्या तारा मोटरच्या ड्रायव्हरपर्यंत नेणारा साधा ब्रेकआउट बोर्ड, विंडोज एक्सपी आणि मशीन चालवणारं माक-३ हे सॉफ्टवेअर. स्टेपर मोटर पावलापावलाने फिरते, आणि तिला वीज देणाऱ्या ड्रायव्हरला दोनच गोष्टी कळतात. एका तारेवर पल्स आली की एक पाऊल टाकायचं, आणि ते उलट की सुलट हे दुसऱ्या तारेवरून ओळखायचं. या पल्स ठेक्यात पाठवणं हे कंट्रोलरचं काम. ठेका चुकला की मोटर अडखळते, पाऊल हुकतं, आणि मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मोटर खरोखर फिरली की नाही हे परत कळवणारं काही बसवलेलंच नसतं. आपण माल निवडताना मोटर किती किलोची, स्पिंडल किती वॉटचा हे चारचारदा विचारतो. पल्स कोण बनवतंय हे मीही विचारलं नव्हतं.

जूनअखेर त्या पीसीचा मदरबोर्ड गेला. नव्या पीसीला प्रिंटर पोर्ट नसतो, आणि माक-३चा पोर्ट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. कोणीतरी यूएसबी टू पॅरलल केबल सुचवली, ती ४५० रुपयांना आणली, वाया गेली. ती केबल फक्त प्रिंटरला पानं पाठवण्यासाठी असते. यूएसबीवर माहिती गठ्ठ्यांनी जाते, एकेक पल्स मायक्रोसेकंदाच्या हिशोबाने त्यातून निघत नाही. दुकानात कोणी अशी केबल ‘सीएनसीला चालेल’ म्हणून देत असेल तर घेऊ नका.

मग लॅमिंग्टन रोडच्या एका आतल्या गल्लीत हा माणूस भेटला. मराठीत बोलला, गाव विचारलं, माझ्या गावाच्या पलीकडचंच निघालं. “काका, बसा आधी,” म्हणून चहा मागवला. काउंटरवर काळा ॲल्युमिनियमचा डबा ठेवला. वर छापलेलं होतं: यूएसबी मोशन कंट्रोलर, ४ अक्ष, २०० किलोहर्ट्झ. “आत एफपीजीए आहे काका, पल्स हार्डवेअरमधून येतात, पीसी अडकला तरी मशीन अडकणार नाही. सॉफ्टवेअर आमचं स्वतःचं.” एफपीजीए म्हणजे हवं ते सर्किट आतच रचता येणारी चिप. टेबलावर एक मोकळी मोटर लावून फिरवून दाखवली. लोण्यासारखी फिरली. मोकळी मोटर सावकाश फिरवली तर कुठल्याही बोर्डावर तशीच फिरते, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

चौथ्या अक्षासाठी मी जास्त पैसे मोजले. मखराचे गोल खांब रोटरीवर, म्हणजे लाकूड गोल फिरवणाऱ्या जोडणीवर, कोरायचे होते. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल घेतलंत तर १८ टक्के वर जातील, आपल्यात कशाला?” एका कागदावर रक्कम लिहून दिली. पैसे मी यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नावावर न जाता एका माणसाच्या खात्यात गेले.

गाळ्यावर येऊन जोडलं. पहिल्याच दिवशी दिसलं की वाय अक्ष हलवला की रोटरीही फिरते. फोन केला. “अपडेट येणारे काका, आठवडाभर थांबा.” तोवर तीन अक्षांवर मखरं लावली. हळू चालवलं तर ठीक. पण रिकाम्या हालचालीला ३,००० मिलीमीटर प्रति मिनिट दिलं की मोटर कण्हायची, मध्येच थबकायची, आणि पुढचा सगळा काप सहा-सात मिलीमीटर सरकून यायचा. कमानीतला मोर मानेपाशी तुटला. एमडीएफच्या तीन शीट फुकट गेल्या. त्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं, तुमच्या ड्रायव्हरला करंट कमी पडतोय, पॉवर सप्लाय बदला. मी बदलला, २,२०० रुपयांचा, त्याच्याचकडून. मग म्हणाला शील्डेड केबल घ्या. तीही घेतली. समोरचा माणूस शांतपणे, आदराने बोलत असला की आपण आपल्याच मशीनवर संशय घेत बसतो.

माझा भाचा व्हीजेटीआयला शिकतो. रविवारी आला तेव्हा त्याने आधी आकडेमोड केली. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, ड्रायव्हरवर १६ मायक्रोस्टेप लावलेले, म्हणजे एका पावलाचे सोळा भाग, म्हणजे ३,२०० पल्स. मोटरने फिरणारा बॉल स्क्रू एका फेऱ्यात मशीनला ५ मिलीमीटर पुढे नेतो, म्हणजे मिलीमीटरला ६४० पल्स. ३,००० मिलीमीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ५० मिलीमीटर, म्हणजे ३२,००० पल्स. “मामा, २०० किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दोन लाख. त्याच्या सहाव्या भागालाच हा डबा का मान टाकतोय?” जुना पीसी मी माक-३च्या २५ किलोहर्ट्झवर चालवायचो, त्याच हिशोबाने त्याची मर्यादा २,३०० मिलीमीटरच्या जरा वर. तेवढ्यात मशीन बिनतक्रार चालायचं.

मग त्याने डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथे कुठल्या कंपनीच्या मोशन कार्डाचं नाव नव्हतं. ‘यूएसबी सीरियल सीएच३४०’ एवढंच लिहिलेलं. ही स्वस्तातल्या आर्डुइनोवर, म्हणजे हौशी लोक वापरतात त्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर, असते ती यूएसबीची चिप. त्याने आर्डुइनोचं सीरियल मॉनिटर घेतलं, ११५२०० बॉड ठेवला, डॉलरचं चिन्ह दोनदा टाइप करून एंटर मारलं. समोर सेटिंगची अख्खी यादी खळकन येऊन पडली. डबा काढून परत लावला तर स्वतःचं नावही सांगितलं: जीआरबीएल १.१.

जीआरबीएल हे आर्डुइनोवरून मोटरला पल्स देणारं उत्तम सॉफ्टवेअर आहे, ही तक्रार त्याच्याबद्दल नाही. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये ते सुरू केलं, ते सगळ्यांना मोफत आहे, जगभरची हजारो छोटी मशीन त्यावर चालतात. पण आर्डुइनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या चिपवर ते तीसेक किलोहर्ट्झपर्यंतच पल्स देऊ शकतं, आणि ते तीन अक्षांचं आहे. मला ते ‘एफपीजीए’ म्हणून विकलं गेलं.

‘उघडल्यास वॉरंटी रद्द’ असं स्टिकर होतं, ते फाडून डबा उघडला. आत काळं इपॉक्सी ओतलेलं. भाच्याने हीट गनने ते मऊ करून स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं. खाली आर्डुइनो नॅनोची नक्कल. चिपवरचं नाव पॉलिश पेपरने घासून काढलेलं, पण शेजारच्या, चिपना ठेका देणाऱ्या दोन क्रिस्टलवरचे मेगाहर्ट्झचे आकडे घासायचे राहिले होते, एकावर सीएच३४०चा १२ आणि एकावर आर्डुइनोचा १६. आणि ‘ए’ लिहिलेल्या चौथ्या टर्मिनलपासून दोन बारीक तारा निघून वायच्या टर्मिनलला डाग देऊन जोडलेल्या. माझी रोटरी वायबरोबर का फिरत होती ते तिथे डोळ्यांनी दिसलं. तो माझ्याशी मराठीत गोड बोलत होता आणि या दोन तारा त्यानेच किंवा त्याच्या माणसाने, माहीत असून, जोडल्या होत्या. मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका दुकानात तशीच नॅनो मला २८० रुपयांना, नॅनो म्हणूनच, पक्क्या बिलावर मिळाली. तिथल्या म्हाताऱ्या मालकांनी उभ्याउभ्या सगळं समजावलं. मायक्रोस्टेप १६ चे ८ केले तर पल्स निम्म्या लागतात, छोट्या मशीनला जीआरबीएलही पुरतं. वेग हवा असेल तर ईएसपी३२ या जास्त वेगवान चिपवर फ्लुइडएनसी हे तसंच सॉफ्टवेअर. जुना पीसी पडून असेल तर त्यात पॅरलल पोर्टचं (म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टचं) कार्ड घालून लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर, मात्र आधी त्यातली लेटन्सी टेस्ट, म्हणजे पीसी वेळेवर काम करतो का याची चाचणी, चालवून बघायची. आणि खरंच एफपीजीएवर पल्स हव्या असतील तर मेसा कंपनीचं असतं तसं इथरनेट कार्ड, ते लिनक्ससीएनसीबरोबर चालतं, बाहेरून येतं आणि महाग पडतं. “डब्यात काय आहे हे जो सांगत नाही त्याच्याकडून घेऊ नका,” ते म्हणाले. मी आठचे मायक्रोस्टेप लावून त्या २८० रुपयांच्या नॅनोवर उरलेला सीझन ओढला. २७ ऑगस्टला गणपती बसले, अकरापैकी सात मखरं वेळेत दिली, चार घरांचा ॲडव्हान्स परत केला. त्यातलं एक घर आमच्या वाडीतलंच.

दुकानदाराकडे डबा उघडा करून नेला. “तुम्ही उघडलात, आता वॉरंटी नाही.” एवढंच बोलला. ‘काका’ म्हणणं बंद झालं होतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, दुकानदाराने उत्तर दिलं नाही. मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. मला भीती होती की धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून बाहेर काढतील, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येत बसते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पक्कं बिल नाही, हे माझं दुखणं. हातात यूपीआयची नोंद आहे, आणि ‘४ अक्ष, एफपीजीए, २०० किलोहर्ट्झ’ असं त्याने स्वतः पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज आहे. त्याचे स्क्रीनशॉट मी पहिल्याच दिवशी भाच्याच्या फोनवरही पाठवून ठेवले.

असा काळा डबा कोणाकडे असेल तर दुकानाचं सॉफ्टवेअर बंद करा, सीरियल मॉनिटरवर डॉलर दोनदा टाका आणि काय येतं ते बघा. काउंटरवरही हे करता येतं, लॅपटॉप बरोबर न्या, दोन मिनिटं लागतात. यादी आली तर चौथ्या टर्मिनलच्या तारा कुठे जातात तेही तपासा, आणि उघडण्याआधी फोटो काढा. मी स्टिकर फाडण्याआधी काढले नव्हते, आता आयोगापुढे तेच पहिलं विचारणार आहेत.