गोलबॉलचा चेंडू लहान मुलासाठी घ्यावा का?

मूल अंध असलं की घरचे आवाजाचा चेंडू शोधू लागतात, आणि अनेकदा त्यांची पसंती गोलबॉलच्या निळ्या चेंडूवर ठरते. गोलबॉल म्हणजे जमिनीवरून घरंगळत येणारा चेंडू आवाजावरून ओळखून अडवण्याचा अंधांचा सांघिक खेळ. चेंडू भक्कम आहे, वर्षानुवर्षं टिकतो. तरीही पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पहिली खरेदी म्हणून आम्ही तो सुचवणार नाही.

कारण त्याच्या मापात आहे. घेर सुमारे ७६ सेंटीमीटर, म्हणजे बास्केटबॉलएवढा, आणि वजन १.२५ किलो, म्हणजे बास्केटबॉलच्या दुप्पट. गोलबॉल १९४६ साली दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी तयार झाला. खेळ मोठ्या माणसांचा, चेंडूही त्यांच्याच हाताचा. लहान मूल तो दोन्ही हातांनी उचलतं तेव्हा पाठीत मागे वाकतं आणि पोट पुढे काढतं. अंध मुलांमध्ये मान खाली, पाय फाकलेले, कंबर सैल अशी ठेवण बऱ्याचदा आधीच असते. जड चेंडू तीच पक्की करतो.

दहा वर्षांपुढच्या मुलाला मात्र जरूर घ्या. चेंडू जाड रबराचा, त्याला आठ भोकं आणि आत घुंगरं. हवा भरावी लागत नाही, म्हणून तो फार उसळत नाही, जमिनीलगत राहतो आणि आवाज भोकांतून मोकळा बाहेर येतो. कुशीवर आडवं पडून, हात डोक्यावर ताणून, चेहरा मागे वळवून अंगाने चेंडू अडवायचा, हा गोलबॉलचा बचाव. पोट, कंबर, खांदे यांना एकाच वेळी काम देणारा इतका चांगला व्यायाम अंध मुलांसाठी क्वचितच सापडतो. पूर्ण मैदान १८ बाय ९ मीटरचं असतं. सरावाला ६ बाय ३ मीटरची खोली पुरते. सीमारेषेवर सुतळी ठेवून वरून चिकटपट्टी लावा, म्हणजे मुलाला रेषा तळपायाने आणि बोटांनी कळते.

आता उणिवा. सर्वांत मोठी ही की चेंडू थांबला की गप्प होतो. अगदी हळू सरकला तरी घुंगरं वाजत नाहीत, नुसती आत घसरतात. लहान मुलाच्या लेखी आवाज संपला म्हणजे चेंडूच संपला. डोळस बाळ दिसलेल्या वस्तूकडे चार-पाच महिन्यांत हात नेतं. नुसत्या आवाजाच्या दिशेने हात जायला मात्र पहिलं वर्ष संपत येतं. त्यामुळे मूल चेंडू शोधत नाही याला आळस म्हणू नका. तळवे जमिनीवर टेकवून अर्धवर्तुळात फिरवत शोधायचं, हे वेगळं शिकवावं लागतं. खेळाच्या जागेभोवती गुंडाळलेल्या चादरी ठेवल्या की चेंडू आवाक्यात राहतो.

विकत घेताना हलवून पाहण्यावर समाधान मानू नका, हलवल्यावर सगळेच वाजतात. फरशीवर एका बोटाने ढकला आणि दोन मीटर ऐका. शेवटच्या अर्ध्या मीटरलाही आवाज आला तर चेंडू लहान मुलाच्या वेगाला चालेल. पंखा बंद ठेवा. सतरंजीवर किंवा गवतावर आवाज दबतो, आणि पत्र्याच्या छताखाली घुमून दिशाच कळत नाही. एका कानाने कमी ऐकणाऱ्या मुलाला तर आवाजाची दिशा मुळातच नीट लागत नाही.

अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी रंगही पाहा. शहाबादी किंवा कोटा फरशीवर निळा चेंडू हरवून जातो. पिवळ्या चिकटपट्टीचे दोन पट्टे ओढा, भोकं मात्र झाकू नका. मातीच्या मैदानावर भोकांत चिखल बसतो. पावसाळ्यात पाणी आत राहून घुंगरं गंजतात आणि आवाज बोदा होतो. वापरल्यावर भोकं खाली करून निथळू द्या.

मग लहानांसाठी काय? साधा हलका रबरी चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ घट्ट मारा. पिशवी प्रत्येक फेऱ्याला कुरकुरते, शिवाय चेंडूचा वेग कमी करते, आणि सुरुवातीला तेच हवं असतं. पिशवी तोंडावर ओढली जाऊ शकते, म्हणून खेळ संपला की ती उचलून ठेवा आणि तीन वर्षांखालच्या मुलाला देऊच नका. बाहेरून घुंगरं चिकटवू नका; सुटलेलं घुंगरू थेट तोंडात जातं. आतून वाजणारा फुटबॉल पुढची पायरी म्हणून चांगला. हवा थोडी कमी ठेवली तर झेलायला सोपा पडतो. बॉल बेअरिंग घातलेला अंध क्रिकेटचा पांढरा प्लास्टिक चेंडू खणखणीत वाजतो, पण कडक असतो. नडगीला पॅड असल्याशिवाय नको.

पहिला धडा बसूनच द्या. मूल भिंतीला टेकून, पाय फाकवून. तुम्ही समोर एक मीटरवर. आधी चेंडू हाताळू द्या, भोकं असतील तर बोट भोकात घालू द्या. ढकलण्याची कृती दाखवताना मुलाचे हात धरून ओढू नका. तुमच्या हातांवर त्याचे हात ठेवून घ्या, म्हणजे नको वाटलं तर त्याला सोडता येतं. दर वेळी आधी नाव घ्या, मग "येतोय" म्हणा, मगच सोडा. दहापैकी आठ वेळा अडवला की अंतर अर्ध्या मीटरने वाढवा.

जास्त मायनस नंबर, काचबिंदू, जागेवरून सरकलेलं भिंग किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: चेहऱ्यावर चेंडू लागला तर चालेल का, उड्या चालतील का? डोळ्याच्या आतला पडदा सुटला तर उरलेली नजरही जाऊ शकते. होकार मिळेपर्यंत पिशवीतला हलका चेंडू, तोही बसून आणि जमिनीवरूनच.