व्हर्च्युअलबॉक्समधलं डेबियन: आठ महिन्यांनंतर स्क्रीनचा हिशेब

सेटअप असा: विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स ७ (कॉम्प्युटरच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर), आत डेबियन १२ हे लिनक्स आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. दिवसा अंधेरीच्या ऑफिसात लॅपटॉपचाच १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन, रात्री घरी १९२० बाय १०८० चा मॉनिटर. म्हणजे रोज दोनदा रिझोल्युशन बदलतं, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

नव्या आभासी मशीनची खिडकी बहुतेकदा ८०० बाय ६०० वर अडकते. डिस्प्ले सेटिंगमध्ये मोठे आकडे दिसले तरी खिडकी ओढली की डेस्कटॉप सोबत पसरत नाही. त्यासाठी गेस्ट ॲडिशन्स लागतात, म्हणजे आतल्या सिस्टिममध्ये (गेस्टमध्ये) टाकायचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर. आधी बिल्ड-इसेन्शियल, डीकेएमएस, बीझिप२ ही पॅकेजेस आणि कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स टाका; ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधायला ते लागतात. मग डिव्हायसेस मेनूतून ॲडिशन्सची सीडी घाला. सीडीवरची फाइल डबल क्लिकने चालत नसेल तर टर्मिनलमध्ये पुढे 'एसएच' लावून रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवा. रूट होताना नुसतं 'एसयू' नको, 'एसयू' आणि पुढे डॅश. नाहीतर एसबिन फोल्डरमधल्या कमांड सापडत नाहीत.

हेडर्सपाशी बहुतेकजण फसतात. नेटवरच्या कृतीत 'यूनेम -आर' (चालू कर्नलची आवृत्ती सांगणारी कमांड) वापरून फक्त चालू कर्नलचे हेडर्स टाकायला सांगतात. त्या दिवशी सगळं झकास चालतं. पुढच्या अपडेटला नवा कर्नल येतो, त्याचे हेडर्स येत नाहीत, मॉड्यूल बांधलं जात नाही आणि रीस्टार्टनंतर स्क्रीन पुन्हा चिमुकला! डेबियनवर 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' हे पॅकेज टाका. मग प्रत्येक कर्नलसोबत त्याचे हेडर्स आपोआप येतात. तरी बिघडलंच तर 'आरसीव्हीबॉक्सॲड सेटअप' चालवा आणि व्हार-लॉगमधली व्हीबॉक्सॲड-सेटअपची लॉग फाइल वाचा. कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं, फक्त कुणी उघडत नाही.

ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए हाच ठेवा. 'व्हीबॉक्सएसव्हीजीए निवडा, सुटेल' हा सल्ला अजून फिरतो, पण तो कंट्रोलर विंडोज गेस्टसाठी आहे. स्क्रीन काळा पडत असेल तर आधी थ्रीडी ॲक्सिलरेशन काढून बघा.

व्हिडिओ मेमरीचा (स्क्रीनचं चित्र ठेवायला दिलेल्या मेमरीचा) हिशेब साधा आहे. रुंदी गुणिले उंची गुणिले ४ बाइट. १९२० बाय १०८० ला सुमारे ८ एमबी. असे दोन स्क्रीन म्हणजे १६ एमबीच्या अगदी काठावर. फोर-के एकट्यालाच ३२ एमबीच्या आसपास. मोठं रिझोल्युशन यादीतच दिसत नसेल तर मेमरी सरळ १२८ एमबी करा. रॅमच्या मानाने हे काहीच नाही.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतलेला जुना मॉनिटर जोडत असाल तर पाठीवरचा मॉडेल नंबर बघून त्याचं मूळ रिझोल्युशन शोधा. चौकोनी १९ इंची बहुधा १२८० बाय १०२४ चा असतो. फुल स्क्रीनला ॲडिशन्स तो आकार स्वतःच घेतात. हाताने मोड (नवं रिझोल्युशन) बनवायची वेळ क्वचित येते. आलीच तर मोडचे आकडे काढून देणाऱ्या 'सीव्हीटी' कमांडला १३६६ दिल्यावर ते १३६८ परत देतं. चूक नाही ती, त्याला रुंदी ८ च्या पटीत लागते. 'एक्सरँडर' या स्क्रीन सेट करणाऱ्या कमांडने जोडलेला असा मोड लॉगआउटनंतर जातो, म्हणून कमांड एक्सएफसीईच्या 'सेशन अँड स्टार्टअप'मध्ये टाकावी. ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप वेलँड या नव्या डिस्प्ले व्यवस्थेवर चालत असेल तर ही युक्ती मुळातच लागू होत नाही. एक्सएफसीई घेण्याचं तेही एक कारण.

अक्षरं अचानक धूसर झाली आणि मेनू गायब झाला, तर स्केल्ड मोड (चित्र ताणून खिडकीत बसवणारा) लागलाय. होस्ट की म्हणजे उजवा कंट्रोल, आणि होस्ट अधिक सी हा त्या मोडचा शॉर्टकट. कॉपी करताना उजव्या कंट्रोलवर बोट जाणाऱ्यांना हा प्रसाद आठवड्यातून एकदा तरी मिळतोच. पुन्हा तेच दोन बटण दाबलं की सुटतं. कायमची सुटका हवी असेल तर प्रेफरन्सेसच्या इनपुटमध्ये होस्ट की बदलून घ्या.

पाचपैकी चार. कापलेला एक तारा व्हर्च्युअलबॉक्सच्या अपडेटसाठी: नवी आवृत्ती आली की आतले ॲडिशन्स जुनेच राहतात, आणि ते वेगळे अपडेट करावे लागतात.