बडोद्यात उतरायचं कुठे: सयाजीगंज की दांडिया बाजार?

मुलांच्या प्रवेशासाठी येणारे नातेवाईक हे हमखास विचारतात. माझा उलटा प्रश्न असतो, फॅकल्टी कोणती? कारण महाराजा सयाजीराव विद्यापीठ (स्थापना १९४९) एका आवारात नाही.

आर्ट्स किंवा सायन्स असेल तर सयाजीगंज. स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडलं की बॅग हातात घेऊन चालत जाता येतं. हॉटेलं सगळ्या दरांची, आर्ट्सचा मोठा घुमट जवळ, संध्याकाळी कमाटी बाग. पण रस्त्याकडेची खोली घेऊ नका. हॉर्न रात्रीही ऐकू येतात.

इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र दांडिया बाजारच बघावा. ती फॅकल्टी कलाभवनात आहे, त्याच भागात. १८९० साली सयाजीरावांनी काढलेली ही संस्था. दादासाहेब फाळकेही इथे शिकले. संगीताची फॅकल्टीसुद्धा जवळच, सूरसागर तलावापाशी. इथे हॉटेलं कमी, गल्ल्या अरुंद, गाडी लावायची पंचाईत. तरी मला हाच भाग आवडतो. वाण्याच्या दुकानात "काका, पोहे जाडे की पातळ?" असं मराठीतच विचारतात, आणि रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पायी गाठता येतो. त्याच्या भिंतींवरची जुनी चित्रं मुलांना जरूर दाखवा.

आजी-आजोबा सोबत असतील तर लिफ्टची चौकशी आधी फोनवर करा. नवरात्रात यायचं असेल तर दोन्हीकडचं बुकिंग फार लवकर करायला हवं, आणि रात्री रिक्षाला वेळ लागेल हे धरूनच निघा.