लेसिक झालेल्या डोळ्यात मोतीबिंदू: कॉर्नियाची शक्ती कशी काढावी?

कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) शक्तीत एका डायॉप्टरची (नंबर मोजायच्या एककाची) चूक झाली, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चष्म्याचा नंबरही साधारण तेवढाच चुकतो. डोळ्यावर पूर्वी लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर, झालेलं नसेल तर फार खल नको. नेहमीची बायोमेट्री, म्हणजे लेन्स ठरवण्यासाठी यंत्रावर डोळ्याची मापं घेणं, पुरते. ते यंत्र कॉर्नियाच्या फक्त पुढच्या पृष्ठभागाची वक्रता मोजतं आणि 1.3375 हा ठरीव अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) धरून शक्ती सांगतं: त्रिज्या 7.5 मिमी, तर 45 डायॉप्टर. मागचा पृष्ठभाग त्यात न मोजताच गृहीत धरलेला असतो.

लेसिकनंतर गाडी इथेच अडते. मायनस नंबर काढताना पुढची बाजू सपाट होते, मागची जवळपास तशीच राहते. यंत्र शक्ती जास्त दाखवतं, डोळ्यात बसवायची लेन्स कमी नंबरची निवडली जाते, आणि पेशंटच्या वाट्याला प्लसचा चष्मा येतो.

जुन्या नोंदींची पद्धत एके काळी प्रमाण मानली जायची. लेझरआधी के रीडिंग (यंत्राने दाखवलेली कॉर्नियाची शक्ती) 44, कॉर्नियाच्या पातळीवर 5 डायॉप्टर काढले, म्हणून आता 39. हिशेब सरळ आहे, पण जुन्या कागदातली प्रत्येक चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते. केवळ हिच्यावर लेन्स ठरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉन्टॅक्ट लेन्सची पद्धत (माहीत असलेली लेन्स लावून नंबर किती बदलतो त्यावरून शक्ती काढणं) तर दाट मोतीबिंदूत बादच, कारण नंबरच नीट तपासता येत नाही.

मॅलोनी पद्धतीला जुने कागद लागत नाहीत. टोपोग्राफीवरची (कॉर्नियाच्या वक्रतेच्या नकाशावरची) मध्यभागाची शक्ती 376/337.5 ने गुणून त्यातून 5 ते 6 डायॉप्टर वजा करतात. मागची बाजू मात्र इथेही सरासरीचीच.

पेंटाकॅम किंवा आयओएल मास्टर 700 ही यंत्रं मागची बाजू प्रत्यक्ष मोजतात. सोय असेल तर मी हेच निवडेन. पण पेंटाकॅमवरचा एकूण शक्तीचा आकडा उचलून थेट एसआरके/टी या लेन्सचा नंबर काढायच्या नेहमीच्या सूत्रात घालू नका. त्या सूत्राचे स्थिरांक 1.3375 वाल्या आकड्यांवर बेतलेले आहेत. शिवाय सपाट कॉर्नियामुळे ते सूत्र लेन्स डोळ्यात कुठे बसेल हेही चुकवतं. बॅरेट ट्रू-के आणि हायगिस-एल ही सूत्रं अशाच डोळ्यांसाठी आहेत. एएससीआरएस या अमेरिकेतल्या मोतीबिंदू सर्जनांच्या संघटनेच्या मोफत कॅल्क्युलेटरवर अनेक सूत्रांची उत्तरं शेजारी शेजारी दिसतात. ती फार पांगली असतील तर डोळ्याचा कोरडेपणा आधी बरा करून मोजणी पुन्हा घ्यावी, आणि तरीही मेळ बसला नाही तर थोडा मायनस उरेल अशी लेन्स निवडावी.