दुसरा राउटर जोडायचा तर कसा? केबल, रिपीटर की मेश

नाशिकमध्ये वायफायची अडचण घराच्या बांधणीप्रमाणे बदलते. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे असतो आणि शेवटच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉल अडकतो. गंगापूर रोडच्या रो-हाउसमध्ये खाली सगळं ठीक असतं, पण मधल्या स्लॅबमधल्या सळया वरच्या मजल्याचा सिग्नल अडवतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दगड-विटांची जाड भिंत असते. अशी एक भिंत ओलांडली की ५ गीगाहर्ट्झचा (वायफायचा जास्त वेगाचा बँड) सिग्नल जवळपास संपतो. त्यामुळे ‘कोणता डबा घेऊ?’ या प्रश्नाआधी ‘त्या खोलीपर्यंत एक केबल नेता येईल का?’ हे ठरवा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

त्याआधी दोन गोष्टी तपासा. मुख्य राउटरला लॅपटॉप केबलने जोडून स्पीड टेस्ट करा. तिथेच स्पीड कमी असेल तर दोष कनेक्शनचा आहे, दुसरा राउटर लावून काही फरक पडणार नाही. मग मोबाइलवर वायफाय ॲनालायझर घेऊन अडचणीच्या खोलीत सिग्नल मोजा. तो उणे ६७ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) किंवा त्याहून बरा असेल तर व्हिडिओ कॉल चालायला हवा. उणे ७५ च्या खाली गेला की तुटातूट सुरू होते. मुख्य राउटर कपाटातून किंवा टीव्हीमागून काढून जिन्याजवळ उंचावर ठेवल्यानेही काही घरांचं काम भागतं. फायबरचा डबा हलवायचा असेल तर सेवा देणाऱ्याचा माणूसच बोलवा. फायबर घडी पडेपर्यंत वाकवली की आतली काच तुटते.

केबलने जोडलेला राउटर

घरात जुना राउटर पडून असेल तर हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि स्पीडच्या बाबतीत सगळ्यात चांगलाही. डेटा केबलमधून येतो, त्यामुळे दुसऱ्या राउटरचं वायफाय पूर्णपणे तुमच्या मोबाइल-लॅपटॉपसाठी मोकळं राहतं.

जुना राउटर रीसेट करा आणि लॅपटॉप फक्त त्यालाच जोडा. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (यात डबा फक्त वायफाय देतो, बाकी काम मुख्य राउटर करतो) असेल तर तो निवडा, बरंचसं काम आपोआप होतं. नसेल तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा. मग लॅनचा आयपी (घरच्या नेटवर्कवरचा राउटरचा पत्ता) बदला: मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल आणि तो १०० पासून पुढचे पत्ते वाटत असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या. डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) सगळ्यात शेवटी बंद करा. ते आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ता मिळत नाही आणि सेटिंगचं पान उघडेनासं होतं. यानंतर केबलचं एक टोक मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमध्ये आणि दुसरं टोक दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्येच घाला. त्याचं वॅन पोर्ट (एरवी इंटरनेटची केबल येते ते) रिकामं राहू द्या.

बहुतेक चुका इथेच होतात. डीएचसीपी चालू राहिलं की काही उपकरणांना चुकीचा गेटवे (इंटरनेटकडे जाण्याच्या दाराचा पत्ता) मिळतो. मोबाइल ‘कनेक्टेड’ म्हणतो पण इंटरनेट येत नाही, आणि हे कधी होतं, कधी होत नाही, त्यामुळे दोष सापडायला वेळ लागतो. दोन्ही राउटरचा आयपी एकच राहिला तर अख्खं नेटवर्क अडखळतं. राउटर मोडमध्येच ठेवून केबल वॅनमध्ये घातली तर इंटरनेट चालतं, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात: खालच्या मजल्यावरून वरचा प्रिंटर दिसत नाही, मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट होत नाही.

२.४ गीगाहर्ट्झवर एका राउटरला चॅनेल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गीगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. मोबाइल वरच्या मजल्यावर जाऊनही खालचाच राउटर धरून बसत असेल तर दोन्हीकडची २.४ ची ट्रान्समिट पॉवर मध्यम करा.

केबलमध्ये काटकसर नको. कॅट ६ घ्या आणि दुकानात ‘पूर्ण तांब्याची’ असं स्पष्ट सांगून मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण ती वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर आहे, घरासाठी ती पुरून उरते. फ्लॅटमध्ये केबल टीव्हीची जुनी वायर पाइपातून गेलेली असेल तर तिच्या टोकाला नवी केबल घट्ट बांधून ओढून घ्या, भिंत फोडावी लागणार नाही. विजेच्या वायरींच्या पाइपातून ही केबल नेऊ नका. जोडल्यावर लिंक १००० ऐवजी १०० मेगाबिटवरच अडकली तर क्रिंपिंग (टोकाला कनेक्टर बसवण्याचं काम) तपासा: १०० ला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, म्हणजे एखादी तार कनेक्टरपर्यंत पोहोचलेली नसते. मात्र जुन्या राउटरचे पोर्टच १०० मेगाबिटचे असतील तर २०० चा प्लॅन घेऊनही त्यातून ९५ च्या आसपासच मिळतील.

केबल गच्चीवरून किंवा बाहेरच्या भिंतीवरून जाणार असेल तर बाहेरच्या वापराची, काळ्या आवरणाची घ्या. घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं. दिंडोरी-निफाडकडे मळ्यातल्या घरापासून शेडपर्यंत तांब्याची केबल उघड्यावरून नेणं टाळा. जवळपास वीज पडली की दोन्ही टोकांची पोर्ट जळू शकतात. तिथे फायबर किंवा दोन टोकांचा वायरलेस ब्रिज (दोन ठिकाणं हवेतून जोडणारी डब्यांची जोडी) बरा.

रिपीटर

केबल अजिबात शक्य नसेल, भाड्याचं घर असेल, तर रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. मेल, मेसेज, साधा व्हिडिओ यांना ते चालतं. ऑनलाइन परीक्षा किंवा दिवसभराच्या मीटिंगला आम्ही तो सुचवणार नाही. लोक रिपीटर नेमका सिग्नल नसलेल्या खोलीत लावतात, मग त्याला पुढे पाठवायला काही उरत नाही. मुख्य राउटरचा सिग्नल जिथे अजून उणे ६५ च्या आसपास आहे तिथे तो लावा. जुन्या राउटरमधलं डब्ल्यूडीएस (दोन राउटर वायफायनेच जोडण्याची सोय) वापरूनही हे जमतं, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे राउटर डब्ल्यूडीएसवर जुळतीलच असं नाही. दोन्ही एकाच कंपनीचे नसतील तर त्यावर वेळ घालवू नका.

मेश

घरात फिरताना कॉल तुटू नये, सेटिंग एकाच ॲपमधून व्हावी, तर मेश, म्हणजे आपसात बोलून घरभर एकच वायफाय देणारे डबे. पैसे सगळ्यात जास्त इथे जातात. दोन बँडच्या मेशमध्ये डब्यांचा आपसातला संवाद आणि तुमचा वापर एकाच रेडिओवर होतो, म्हणून जाड भिंतीच्या घरात त्याचा स्पीडही बराच घसरतो. तीन बँडच्या मेशमध्ये एक बँड डब्यांसाठी राखीव असतो, ते बरं. वाड्यात मात्र डबे कितीही महाग असले तरी त्यांना एकमेकांचा सिग्नल मिळाला पाहिजे. चौकातून समोरासमोर बसतील अशा जागा शोधा. मेशचे डबे केबलने जोडता येत असतील तर नक्की जोडा. घेताना दुसऱ्या डब्यालाही लॅन पोर्ट आहे ना, हे पाहून घ्या.

विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. थ्री-फेज बंगल्यात दोन खोल्या वेगळ्या फेजवर असल्या की ते ढेपाळतात, आणि स्पाइक गार्डमध्ये लावले तरी तेच होतं.

दोन मजली रो-हाउस, स्वतःचं घर: केबल आणि ॲक्सेस पॉइंट, दुसरा विचार नको. भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट: आधी राउटर हलवून पाहा, मग रिपीटर. मोठा बंगला, बरीच माणसं: केबलने जोडलेला मेश. वाड्यात दोन खोल्यांत तरी केबल न्या.

वीज गेल्यावर दोन्ही डबे चालू राहायला हवेत. इन्व्हर्टर नसेल तर प्रत्येकाला छोटा यूपीएस लागेल. तो घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचा: काही राउटर ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे, आणि पिन सारखीच असली तरी ९ च्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.